आक्काची सळी

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

मृणालीने ही डायरी मी निवृत्त झालो त्या दिवशी दिली होती. "बाबा, एकोणतीस वर्षं कंपनीचं लॉगबुक लिहिलंत, आता स्वतःचं लिहा." दोन वर्षं ती कपाटात पडून होती. आज काढली, कारण बांध गळतोय आणि ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

आमच्या गावाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला भात, मध्ये मातीचा दीड किलोमीटर बांध. भात पोटरीत आलंय. आता खारं पाणी आत शिरलं तर हे पीक गेलंच, वर जमीन दोनतीन वर्षं खारट होऊन बसते. आज दुपारच्या भरतीला तीन ठिकाणी आतल्या अंगाने पाणी झिरपताना मी स्वतः पाहिलं. कारण एकच, चिंबोऱ्या. या खेकड्यांनी बांध पोखरून नुसती चाळण केली आहे.

गेल्या वर्षी बांध समितीचा अध्यक्ष झालो तेव्हा मी पहिला नियम केला होता, की बांधावर कोणी चिंबोऱ्या धरायच्या नाहीत. बायका सळी घालून भोकं उकरतात, त्याने बांध ढिला होतो. पहिली सळी जप्त केली ती माझ्या सख्ख्या बहिणीची, धोंडुआक्काची. म्हणजे कोणी म्हणायला नको की अध्यक्ष घरच्यांना सोडतो. ती सळी अजून माझ्या पडवीत खुंटीला आहे. एवढा कडक नियम करूनही यंदा भोकं दुप्पट. चिंबोऱ्यांना लाज नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आक्काच्या तळ्यावर गेलो होतो. बांधाच्या आतल्या अंगाने जो नाला जातो, त्याच्या टोकाला तिचं तळं आहे. त्यात तिचे जिताडे मासे. तीन वर्षांपूर्वी बोटाएवढी पिल्लं खाडीतून जाळ्याने पागून आणली होती तिने, आता हातभर झालेत. पेणच्या खाणावळवाल्यांनी आतापासून सांगून ठेवलंय. यंदा सळी नसल्याने तिचा चिंबोऱ्यांचा बाजार बंद आहे, म्हणजे आता तळं हीच तिची सगळी मिळकत.

भावोजी गेले तेव्हा आक्का छत्तीस वर्षांची होती. मी म्हटलं, माझ्याकडे ये. ती म्हणाली होती, "तुझ्या चुलीवर माझा भांडा नको." एकतीस वर्षं तिने ते पाळलंय. चिंबोऱ्या, निवट्या आणि जिताडे यांच्या जिवावर. मला त्याचा अभिमान वाटतो आणि थोडा रागही येतो, दोन्ही खरं.

मी बांधाची काळजी सांगितली. ती हसली. "माझी सली दे, बांध बरा करते."

"आक्का, थट्टा नको."

"थट्टा कोन करतंय?"

२४ सप्टेंबर, बुधवार

देवळात सभा झाली. कोजागिरीचं उधाण दोन आठवड्यांवर आलंय. विशाल ग्रामपंचायतीत सदस्य आहे, पोरगा बोलायला तिखट. म्हणाला, "काका, भोकं बुजवायला माणसं नाय. एकदाच औषध टाकून मोकले होऊ."

मी रामवाडीच्या दुकानातून निळ्या झाकणाच्या बाटल्यांची खोकी आणली. दुकानदार सांगत बसला, हे फवारणीचं आहे, पंधरा लिटर पंपाला एवढेच मिली घाला, वगैरे. मी मान हलवली. सांडपाण्याच्या टाक्यांत एकोणतीस वर्षं डोस सोडलेत मी. डोस मला कोणी शिकवू नये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काम फत्ते. सकाळी सात ते एक, घरटी एक माणूस. बाटल्या पिंपांत ओतून मगांनी औषध वाटून घेतलं. प्रत्येक भोकात एक झाकण औषध, पाणी न घालता, आणि वर चिखलाचा गोळा. तेराशे भोकं मोजून झाली आणि पुढची मोजायचं सोडून दिलं. मोठ्या भोकांना मी दोन झाकणं दिली. वासाने डोकं धरलं, पण गावात असा एकोपा गणपतीनंतर प्रथमच दिसला. शेवटी पिंपं, मगे, बाटल्या सगळं नाल्यात धुऊन घेतलं, उगाच घाण मागे नको. बायकोने, चंद्रावतीने तर माझे कपडेही तिथेच खंगाळले, वास घरात नको म्हणून.

आक्का आली नाही. बोलावलं होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल सकाळपासून झोडपतोय. परतीच्या पावसाने एवढं करावं? नाला काठोकाठ भरलाय, पण बांध ठाम उभा आहे. एक थेंब आत नाही. मी छत्री घेऊन दोनदा फेरी मारून आलो. चिंबोऱ्या मेल्यात, काही भोकांच्या तोंडाशी उताण्या पडल्यात. चंद्रावती म्हणते, "आता तरी दोन घास सुखाने जेवा, अध्यक्ष."

जेवलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं द्यायला आक्काकडे गेलो तर ती घरात नव्हती. नाल्याच्या काठी बसली होती. समोर चिखलात निवट्या मेलेल्या. एरवी माणसाची चाहूल लागली की टुणटुण उड्या मारत पळणारा हा मासा, आज शेकड्यांनी पांढरी पोटं वर करून पडला होता. कोळंबीही. एक बगळा काठावर उभा होता, पण चोच लावत नव्हता.

"गुण्या, ह्या पानी बरा नाय," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पाऊस! पाऊस आला की कंपन्यांचं फावतं. मला कोण सांगणार? रोह्याला कंपनीत असताना साहेबाचा फोन आला की मीच टाकीचा वाल्व्ह खोलत होतो, आणि लॉगबुकात लिहीत होतो, 'वाल्व्ह बंद'. नदी भरून वाहत असते, कोणाला कळत नाही. हे तसंच आहे. वरच्या अंगाच्या कुठल्यातरी कंपनीने सोडलंय. कुठली ते शोधून काढू.

आक्काला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना, बांधाकडे बघत बसली होती. मी सोनं तिच्या हातात दिलं आणि निघालो.

४ ऑक्टोबर, शनिवार

मृणालीचा रोह्याहून फोन. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून प्रश्न फार. निवट्या कुठे मेल्या, नाल्यात की खाडीत? मी म्हटलं, नाल्यात. खाडीत एकही नाही? नाही, पण खाडीचं पाणी ओढून नेतं, त्यात काय. मग हळूच म्हणाली, "बाबा, बांधावर काय टाकलंत तुम्ही?"

"चिंबोऱ्यांचं औषध. सगळे टाकतात."

"किती?"

मी चिडलो. म्हटलं, तू कॉलेजात शिकवतेस, मला नको शिकवू. ती म्हणाली, आत्याला सांगा, तळ्यात नाल्याचं पाणी घेऊ नका.

लेक हुशार आहे, पण कंपनी काय चीज असते हे तिला पुस्तकातून कळायचं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

आजचा दिवस वेळेनिशी लिहितो.

सकाळी ८. आक्काने हाक मारली. जिताडे पाण्यावर तोंड काढून गपागपा श्वास घेताहेत. तीन दिवस वारा नाही, हवा कोंदलेली, उन्हाने तळ्याचं पाणी कढत. असं झालं की नवीन पाणी द्यावं लागतं, नाहीतर मासा गुदमरतो. हे गावात कोणालाही माहीत आहे.

११. उधाणाचं पाणी चढायला लागलं. बाहेरच्या अंगाने बांधाला हातभर टेकलं. मी म्हटलं, आता बांधाचा दरवाजा उघडू. शेतांची तोंडं बंद आहेत, ताजं पाणी दरवाजातून नाल्यात आणि नाल्यातून तळ्यात. कंपनीचं पाणी पावसात आलं होतं, आता ही समुद्राची भरती आहे, स्वच्छ.

आक्का म्हणाली, "नाल्यातून नको."

"मग कुठून? आकाशातून?"

"थांब जरा. सांजचा वारा सुटंल."

"आक्का, तोपर्यंत एक जगणार नाही. एकोणतीस वर्षं पाण्यातच काम केलंय मी."

ती बराच वेळ तळ्याकडे बघत राहिली. मृणालीचं बोलणं मला आठवलं, हे इथे लिहितो. आठवलं, आणि मी ते आक्काला सांगितलं नाही. मग आक्का म्हणाली, "तू म्हनतोस तं उघड."

१२.१०. उघडलं. पाणी फेसाळत आत आलं. जिताडे पाण्याच्या तोंडाशी धावले. पोरांसारखे. आक्का हसली. मला फार बरं वाटलं.

१२.४०. बंद केलं.

३.३०. पहिला मासा गोल गोल फिरायला लागला. एका कुशीवर. मग दुसरा.

५. पुढे वेळा लिहीत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एकशे ऐंशी. एकही उरला नाही. आम्ही दोघांनी गळाभर पाण्यात उतरून काढले. आक्का प्रत्येक मासा दोन्ही हातांत धरून काठावर ठेवत होती, फेकत नव्हती. गावातले दोघे घमेली घेऊन आले, खायला नेऊ का म्हणून. तेवढंच ओरडली, "हात लावू नका."

सोडणार नाही मी त्या कंपनीला. आज लिहून ठेवतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

मंगळवारीच बर्फात ठेवलेले तीन जिताडे आणि चार बाटल्या पाणी मृणालीकडे पोचवलं. तिच्या ओळखीने मुंबईच्या प्रयोगशाळेत जाईल. विशालने मोर्चाचं पत्र तहसीलला दिलंय, दिवाळीनंतरची तारीख. मेलेल्या जिताड्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आहेत. वार्ताहर आला होता, मी बोललो. लोक म्हणाले, अध्यक्षांसारखा जाणता माणूस गावात आहे म्हणून बरं.

चंद्रावती रोज दोन्ही वेळा आक्काकडे ताट नेते. ताट तसंच झाकलेलं परत येतं. आज चंद्रावती पडवीत बसून रडली. म्हणाली, "काय खाते ओ ती? मला तर चूल पेटलेली दिसत नाय."

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज विशेष काही नाही. हवा कोरडी. भात पिवळं झालं.

२० ऑक्टोबर, सोमवार

परवाचं पान खोटं आहे. परवा मृणाली अहवाल घेऊन आली होती.

पाण्यात आणि माशांच्या कल्ल्यांत जे सापडलं, त्याचं नाव माझ्या ओळखीचं आहे. निळ्या झाकणाच्या बाटलीवर तेच नाव आहे. कंपनीच्या सांडपाण्यातलं जे जे मी सांगितलं होतं, त्यातलं काहीच सापडलेलं नाही. खाली एक ओळ आहे, की हे द्रव्य मासे, कोळंबी, खेकडे यांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारक आहे. आणि मी झाकण झाकण ओतलं, मोठ्या भोकांना दोन दोन. पिंपं नाल्यात धुतली. पावसाने उरलेलं धुऊन नाल्यात आणलं. नाल्यात ते साचून होतं आणि मी भरतीच्या पाण्याबरोबर ते तळ्यात ढकललं. कोणत्याही शिकाऊ पोराला समजलं असतं. मृणालीला फोनवर समजलं होतं.

कागद देऊन ती आईशी बोलायला आत गेली. जाताना फक्त म्हणाली, "बाबा, मोर्चा कधी आहे?"

मी कागद पाटाखाली ठेवला आणि डायरीत लिहिलं, विशेष काही नाही. हात आपोआप चालला. 'वाल्व्ह बंद'. सवयच तशी लागली आहे. मला स्वतःची किळस आली, म्हणून आज हे पान.

आज पहिली अंघोळ होती. पोरांनी आक्काच्या दारात पणती लावली. तिने आतून कडी काढली नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सकाळी नऊला खुंटीवरची सळी काढली. गंजली होती. राखेने घासली, तेलाचा हात फिरवला. चंद्रावती बघत होती.

आक्काने पाट मांडला होता. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं तयार. चेहरा खंगलेला. मी पाटावर बसायच्या आधी सळी तिच्यापुढे ठेवली. मग अहवाल काढला आणि वाचून दाखवला. तिला अक्षर येत नाही. मी अडखळलो तिथे ती "फुडं" म्हणाली, एवढंच.

वाचून झालं. मी म्हटलं, "आक्का, कंपनी नाही. मी मारले तुझे मासे."

तिने निरांजन पेटवलेलं होतं. वात सरळ जळत होती.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "निवट्या मेल्या त्याच दिशी ठाव होता."

"मग दरवाजा का उघडू दिलास?"

"तू येवढा सांगत होतास. यकोनतीस वर्सा, यकोनतीस वर्सा. मना वाटला, असल माझीच चूक. म्या काय शिकलेय?"

त्या क्षणी मला रडू आवरलं नाही. साठ वर्षांचा माणूस, पाटावर बसून. ती जवळ आली नाही. थोड्या वेळाने तिने वात विझवली, बोटांनी चिमटून.

"आज नाय ववालत तुला. जा, आधी गावात सांग. मंग ये."

सळी मात्र तिने उचलून घेतली.

२६ ऑक्टोबर, रविवार

देवळात सांगितलं. उभ्याने, कागद हातात धरून. एकच गलका झाला. औषध टाकायला तर सगळेच होते, त्यामुळे मी माझं नाव घेतलं तरी प्रत्येकाला वाटलं मी त्यालाच बोलतोय.

विशालने मला बाजूला घेतलं. "काका, हा कागद कोनी बघितलाय? तहसीलदार पाहणीला येतायत. कंपन्यांकडून भरपाईची गोष्ट चाललीय. धोंडुआत्यालाच मिलंल ना त्यातून. तुम्ही आता कशाला मध्ये घालताय?"

हा मोह मला झाला नाही असं मी लिहिणार नाही. दोन दिवस मी हेच स्वतःशी बोलत होतो, आक्कालाच मिळेल ना म्हणून. पण ते पाणी ज्या कंपनीने सोडलं नाही, तिच्या नावावर घालायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच बाटली आणायची? कंपनीत असताना मी खरं ते खोटं लिहिलं. आता खोटं ते खरं लिहायचं काय?

मी अहवालाची प्रत तहसीलला देणार म्हणून सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "औषध बंद केला तर चिंबोऱ्या हा म्हातारा धरनार काय?" लोक हसले. दुसऱ्या मिनिटाला माझं अध्यक्षपद गेलं. विशाल झाला अध्यक्ष.

देवळाबाहेर आक्का उभी होती. सभेत बायका बसतात, पण ती बाहेरच उभी राहून ऐकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुनवंचा उधान ह्या बुधवारी नाय, त्याच्या पुडच्या बुधवारी. घमेला घेऊन ये."

५ नोव्हेंबर, बुधवार

भात कापायला अजून आठवडा आहे. भरती बारा-सव्वाबाराची. विशालने निळ्या झाकणाची नवी खोकी आणली नाहीत. त्याला पटलं म्हणून की अहवाल तहसीलला गेला म्हणून, मला माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही.

आम्ही सकाळी साडेसातला बांधावर गेलो. आक्का, चंद्रावती, मी. नंतर आणखी चार बायका आल्या, त्यांच्या सळ्याही मीच काढून घेतल्या होत्या गेल्या वर्षी. आक्का पुढे. भोकात सळी घालून ती आतली दिशा बघते, मग हात घालते, खात्री झाली की चिखलाचे गोळे ठासून पायाने दाबते. उकरायचं आणि तसंच टाकायचं, असं ती कधी करतच नव्हती. धरलेल्या प्रत्येक चिंबोरीमागे ती भोक बुजवत आली होती, आयुष्यभर. माझा बांध इतकी वर्षं कोण सांभाळत होतं हे मी साठाव्या वर्षी, घमेलं डोक्यावर घेऊन बघितलं.

औषध टाकताना आम्ही वरून लावलेले गोळे पावसात कधीच विरघळून गेले होते. आत पोकळच होतं.

आक्का हात घालायची आणि म्हणायची, "रिकामा." मी गोळा द्यायचो. पुढचं भोक. "रिकामा." साडेअकरापर्यंत तिच्या पाटीत एकही चिंबोरी नव्हती. पाणी बांधाला चढत होतं, आणि आत झिरपत नव्हतं. बांध राहिला. पण सबंध चिखलात काही हलत नव्हतं. एवढा मोठा बांध मी इतका गप्प कधी ऐकला नव्हता.

"आक्का, परत येतील काय गो त्या?"

ती कंबर धरून उभी राहिली. खाडीकडे बघितलं. मग समोरच्या एका भोकाकडे बोट केलं. तोंडाशी थोडी ओली माती होती, ताजी असेल किंवा नसेल.

"म्या दमले. ह्यात तू हात घाल."

साठ वर्षं खाडीकाठी राहून मी चिंबोरीच्या भोकात कधी हात घातला नव्हता. लहानपणी एकदा चावली होती, तेव्हापासून भीती. गुडघ्यावर बसलो. कोपरापर्यंत हात गेला, मग खांद्यापर्यंत. आत गार होतं, मऊ. बोटं टोकाला टेकली.

आक्का वाकून बघत होती. "काय लागतंय?"

एखादी चिंबोरी चावावी म्हणून मी हात तसाच आत धरून ठेवला.